तक्ता कुणाकडे आहे?

"मॅडम, पण मी तर आधी आले होते."

एवढंच ती म्हणाली. भांडली नाही, आवाजही चढवला नाही. हातातली अर्जाची प्रिंट तिने खिडकीच्या कठड्यावर ठेवली, ओढणीच्या टोकाने तिच्यावरचे पावसाचे थेंब टिपले आणि क्रमांकावर बोट ठेवलं. ०४१२७. तिच्या पुढे दोन माणसं सोडून उभ्या असलेल्या एका मुलाच्या प्रिंटवरही ०४१२७ होतं. जून २०१० ची गोष्ट. एका शिक्षण संस्थेच्या प्रवेशाचं काम आमच्या छोट्या कंपनीकडे होतं. अर्ज पहिल्यांदाच ऑनलाइन घेतले जात होते, म्हणून पहिला आठवडा मदतीसाठी मला पुण्याहून त्यांच्या कार्यालयात पाठवलं होतं. दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, आत झेरॉक्स मशीनची ऊब आणि तापलेल्या टोनरचा वास, आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलेली रांग. तिथल्या कारकुनांनी दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, लाल पेनाने मुलीच्या क्रमांकापुढे 'अ' लिहिलं, वर शिक्का मारला आणि म्हणाले, "तुमचा नंतर आला." त्यावर तिने माझ्याकडे बघून ते वाक्य म्हटलं. पहाटे साडेपाचला लाइट आली तेव्हापासून ती नेटकॅफेत बसली होती. नंतर आलेली ती नव्हतीच.

तो क्रमांक देणारी स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम, मी लिहिली होती.

प्रोसिजर साधीच. अर्जांच्या टेबलातला सगळ्यात मोठा क्रमांक वाचायचा, त्यात एक मिळवायचा आणि त्या क्रमांकाने नवा अर्ज लिहायचा. वहीत शेवटच्या ओळीखाली पुढची ओळ लिहावी, तसं. मी ती शंभरदा तरी चालवून पाहिली होती. दर वेळी चाळीसेक मिलिसेकंद आणि दर वेळी बरोबर क्रमांक. ऑफिसमध्ये आम्ही पाच जणांनी पाच मशीनवर बसून 'एक, दोन, तीन' म्हणत एकदम बटणंही दाबली होती. पाच बोटं एकदम पडली असं माणसाला वाटतं, पण संगणकाच्या लेखी त्यांच्यात मोठमोठी अंतरं असतात. माझ्या प्रोसिजरमध्ये क्रमांक वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये जेमतेम तीन मिलिसेकंदांची फट होती. त्या फटीत दुसरं कुणी शिरलं, तर शेवटचा क्रमांक दोघांनाही ४१२६ दिसणार आणि दोघंही ४१२७ घेऊन बाहेर पडणार. गर्दीच्या तासात सेकंदाला एक अर्ज येत होता. म्हणजे फटीत कुणी शिरण्याची शक्यता हजारात तीन. एकटीने मी ती लाख वेळा चालवली असती, तरी एकही चूक सापडली नसती, कारण फटीत शिरायला दुसरं कुणी तिथे नव्हतंच. त्या दोन दिवसांत अशा नऊ जोड्या निघाल्या. त्या मुलाच्या आणि मुलीच्या नोंदींच्या वेळा मी टेबलात काढून पाहिल्या. फरक तीन मिलिसेकंदांचा. एसक्यूएल सर्व्हरचा, म्हणजे आमच्या डेटाबेसचा, वेळ नोंदवणारा जुना डेटटाइम त्याहून बारीक फरक दाखवूच शकत नाही. 'तुमचा नंतर आला' या वाक्याला आधार होता तो एवढाच.

रात्री लॉजवर झोप येईना. खोलीत ओल्या भिंतीचा वास होता, पंखा कुरकुरत होता. आणि काही कारण नसताना मला अण्णांची खिडकी आठवत राहिली.

अण्णा एसटीत होते, सांगलीला आरक्षणाच्या खिडकीवर. संगणक यायच्या आधीचा काळ. एका तारखेच्या एका गाडीचा एकच तक्ता असायचा. लांबरुंद कागद, आडव्या-उभ्या रेघा, डावीकडे आसन क्रमांक, पुढे प्रवाशाचं नाव, कुठून, कुठे. मे महिन्यात मुंबईच्या रातराणीला झुंबड उडायची, तेव्हा शेजारची खिडकीही उघडायचे. खिडक्या दोन, पण तक्ता एकच. सुट्टीत मी अण्णांचा डबा घेऊन जायचे आणि त्यांच्या मागच्या लोखंडी कपाटाला टेकून बसायचे. कार्बन पेपरचा, डिंकाचा आणि घामेजलेल्या नोटांचा एक मिसळलेला वास तिथे कायम असायचा. पलीकडून दर दोन मिनिटांनी हाक यायची, "रातराणीचा तक्ता कुणाकडे आहे?" आणि तक्ता फळीच्या फटीतून या बाजूचा त्या बाजूला सरकायचा. तो ज्याच्या हातात, त्याची खिडकी चालू. दुसऱ्या खिडकीची रांग ताटकळत उभी.

म्हणून अण्णांच्या खिडकीवर कधी एकच आसन दोघांना गेलं नाही. कागद एकच होता, आणि एक कागद दोघांच्या हातात असू शकत नाही. डेटाबेसमध्ये तसं नसतं. तिथे मागाल तितक्या जणांना तक्ता एकाच वेळी वाचायला मिळतो. 'मी आता यात लिहिणार आहे, तोवर दुसऱ्याला देऊ नका' हे तुम्ही स्वतः सांगावं लागतं. मी ते सांगितलं नव्हतं.

चूक डोळ्यांनी बघायची तर मोठी साधनंही लागत नाहीत, हे मला त्या रात्री कळलं. प्रोसिजरमध्ये क्रमांक वाचण्याच्या आणि लिहिण्याच्या ओळींच्या मध्ये मी 'वेटफॉर डिले' घालून पाच सेकंदांचा थांबा टाकला. तीन मिलिसेकंदांची फट पाच सेकंदांची झाली. मग डेटाबेस हाताळायच्या मॅनेजमेंट स्टुडिओच्या दोन खिडक्या उघडल्या, एकीत प्रोसिजर सुरू केली, दोनपर्यंत मोजलं, दुसरीत सुरू केली. दोन्हीकडे एकच क्रमांक आला. दिवसभर जे अठरा कुटुंबांच्या हातात होतं, ते लॉजच्या खोलीत माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर जसंच्या तसं उमटलं. हे मी महिनाभर आधीही करू शकले असते. दोनच तर खिडक्या लागत होत्या. आजही कुणी मला नवी प्रोसिजर दाखवायला आणलं, तर मी आधी हेच करते. कुठे वाचलंय आणि कुठे लिहिलंय ते शोधायचं, मध्ये थांबा घालायचा आणि शेजारी दुसरी खिडकी उघडायची.

दुरुस्ती रात्रीच केली. क्रमांकासाठी वेगळं एका ओळीचं टेबल, ती ओळ दुसऱ्याला थांबवणारा अपडेट-लॉक घेऊनच वाचायची, आणि अर्जांच्या टेबलात क्रमांकावर तोच क्रमांक दुसऱ्यांदा नाकारणारा युनिक इंडेक्स, म्हणजे यापुढे चूक झालीच तर निदान दोन प्रिंट बाहेर पडणार नाहीत. मग एका सहकाऱ्याने मेलवर एसक्यूएल क्वेरी स्ट्रेस हे छोटं फुकट साधन पाठवलं. त्यात प्रोसिजरचं नाव टाकायचं, किती धागे, म्हणजे एकाच वेळी चालवणारे किती जण, आणि प्रत्येकाने किती वेळा चालवायचं ते सांगायचं आणि बटण दाबायचं. मी दोनशे धागे लावले. निकाल डोळ्यांवर विश्वास बसू नये असा आला, दर कॉलला पाच मिलिसेकंद. चाळीसची प्रोसिजर गर्दीत पाचवर कशी आली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. दमले होते, पहाट होत आली होती आणि आकडा हवा तसा होता. विद्यार्थ्याचा आयडी मी दोनशेही धाग्यांना एकच दिला होता. पहिल्या धाग्याने अर्ज भरला. उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांना प्रोसिजरच्या तिसऱ्याच ओळीवर 'या विद्यार्थ्याचा अर्ज आधीच आहे' असं उत्तर मिळालं आणि ते मागे फिरले. मी गर्दीची चाचणी घेतली नव्हती, दारावरून परत पाठवण्याची घेतली होती.

तिसऱ्या दिवशी क्रमांक सगळे वेगवेगळे होते. फक्त पान उघडत नव्हतं.

सकाळी अकराच्या सुमाराला फोन सुरू झाले. नेटकॅफेवाले, पालक, संस्थेचे संचालक. सर्व्हरचा प्रोसेसर जवळजवळ रिकामा, डिस्कला काम नाही, आणि तरी सगळं थिजलेलं. त्या शांततेची मला फार भीती वाटली होती. यंत्र धापा टाकत असेल तर काहीतरी चाललंय हे तरी कळतं. इथे शेकडो जण एकमेकांच्या मागे निमूट उभे होते आणि पुढे नेमकं कोण आहे ते दिसत नव्हतं. लॉकची यादी काढली तेव्हा सगळ्यांची बोटं त्या एका ओळीच्या टेबलाकडे निघाली. क्रमांक मी प्रोसिजरच्या सुरुवातीलाच घेत होते. आधी क्रमांक, मग गुणांची पडताळणी, मग आरक्षणाचा प्रवर्ग, मग शुल्काचा हिशोब, मग सात टेबलांत नोंदी, आणि मग कमिट, म्हणजे सगळं एकदम पक्कं करणं. क्रमांकाची ती ओळ कमिट होईपर्यंत पहिल्याच्या मुठीत. बाकी सगळे बाहेर.

आणि मला अण्णांचा नियम आठवला. तक्ता हातात घेऊन पैसे मोजायचे नाहीत. एक नवा कारकून होता, तो माणूस खिडकीशी आला की आधी तक्ता ओढून घ्यायचा. मग विचारणार, किती जण, कुठं जायचं. मग म्हातारबाबा बंडीच्या आतल्या खिशातून पुरचुंडी काढणार, गाठ सोडणार, नोटा पुन्हा पुन्हा मोजणार. सुट्ट्यावरून बोलणं होणार. तेवढा वेळ तक्ता त्या कारकुनाच्या कोपराखाली आणि शेजारच्या खिडकीवर साठ माणसं खोळंबलेली. अण्णा आधी सगळं विचारून घ्यायचे, पैसे मोजून गल्ल्यात टाकायचे, सुट्टे परत द्यायचे, नावं कच्च्या चिठ्ठीवर लिहून ठेवायचे, आणि मग हाक द्यायचे, "तक्ता द्या." दोन ओळी लिहून तक्ता परत. जागा नसलीच तर पैसे परत करायचे, पण तक्ता अडवून धरायचा नाही. त्यांचं अक्षर काही झरझर नव्हतं. उलट ते सावकाश लिहायचे. तरी दोन्ही खिडक्या मिळून सगळ्यात जास्त आरक्षणं त्यांच्या पाळीत व्हायची.

मी प्रोसिजर उलटी केली. पडताळणी, प्रवर्ग, शुल्क हे सगळं आधी, ट्रान्झॅक्शन, म्हणजे झाला तर पूर्ण नाहीतर मुळीच नाही असा व्यवहार, उघडण्याआधी. मग ट्रान्झॅक्शन, क्रमांक, नोंदी, कमिट. एकट्याने चालवली तर वेळ तोच, चाळीस मिलिसेकंद. एक मिलिसेकंदही कमी झाला नाही. पण आता क्रमांकाची ओळ चाळीसऐवजी सहा मिलिसेकंद अडकत होती. दुपारी तीनला पानं उघडायला लागली. एखाद्या कामाला किती वेळ लागतो याहून, त्या वेळातला किती वेळ दुसऱ्याला हवी असलेली वस्तू तुमच्या हातात असते, हे मोजायला हवं. लोड टेस्ट, म्हणजे गर्दीची चाचणी, मी तेव्हापासून त्यासाठी घेते, आणि माझ्या क्षेत्रात हे पुरेशा कळकळीने कुणी शिकवत नाही असं मला अजूनही वाटतं.

गर्दी आपल्याला हळूहळू वाढणारी गोष्ट वाटते, पण ती तशी वागत नाही. रांगांचा अभ्यास करणाऱ्या जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं एक साधं सूत्र आहे. आत एका वेळी असलेल्यांची संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा आतला मुक्काम. आमच्याकडे सगळी पानं मिळून सेकंदाला चाळीस कॉल होते. प्रत्येक कॉल एक विसांश सेकंदाचा असेल, तर डेटाबेसमध्ये एका वेळी सरासरी दोनच जण. दोन! आपण 'हजारो युजर' म्हणतो आणि आत बघावं तर दोघे. पण कुठेतरी तक्ता अडकला आणि मुक्काम पाच सेकंदांवर गेला की त्याच वेगाला आत दोनशे जण लागतात. डॉटनेटच्या कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे डेटाबेसकडे जायच्या तयार जोडण्यांच्या साठ्यात, काही बदल केला नसेल तर जागा असतात १००. एकशे एकावा पंधरा सेकंद थांबतो आणि एरर घेऊन परत जातो. परत जातो म्हणजे घरी जात नाही. तो रिफ्रेश दाबतो. येण्याचा वेगही वाढतो. दोनावरून दोनशेवर जायला आम्हाला त्या सकाळी दहा मिनिटंही लागली नव्हती.

अण्णांच्या खिडकीवरही हेच व्हायचं. पाच मिनिटं तक्ता अडकला की रांगेतली माणसं भाऊ, मेहुणा, शेजारी यांना दुसऱ्या रांगेत उभं करायची. एकाच घरातली दोन-दोन माणसं. रांग दुप्पट दिसायची, आणि ती बघून बाहेरची आणखी धावत यायची.

त्या आठवड्यानंतर मी चाचणीत गर्दी खरी करायच्या मागे लागले. जेमीटर हे गर्दीच्या चाचणीचं साधन शिकले. त्यात धाग्यांना एका रेषेत अडवून ठेवून सगळे जमल्यावर एकदम सोडणारा सिंक्रोनायझिंग टाइमर असतो. ऑफिसात आम्ही म्हटलेल्या 'एक, दोन, तीन'चं ते खरं रूप. क्रमांकाच्या फटी शोधायला तो फार उपयोगाचा. पण दिवसभराची गर्दी अशी येत नाही. माणूस पान उघडतो, वाचतो, दहावीची गुणपत्रिका शोधतो, आईला जातीच्या दाखल्याचा नंबर विचारतो, मग बटण दाबतो. तो विचार करण्याचा वेळ चाचणीत घातला नाही तर दोनशे धागे दोन हजार माणसांचं काम करतात, आणि तुम्ही अस्तित्वात नसलेल्या गर्दीसाठी सर्व्हर विकत घेता. उलटही होतं. आमच्या नोंदींमध्ये पहिल्या आठवड्याचा आलेख काढला तेव्हा त्यात मला न उलगडणारे सुळके होते. पहाटे साडेपाच, दुपारी अडीच, रात्री साडेदहा. एका तालुक्यात एक वेळ, दुसऱ्यात दुसरी. उलगडा संस्थेच्या शिपायाने केला. त्याने आलेखाकडे पाहिलं आणि सहज म्हणाला, "लाइट येते तेव्हा." ते भारनियमनाचं वेळापत्रक होतं. पुण्यात बसून मी सरळ चढणीची गर्दी आखली होती, दर मिनिटाला दहा युजर वाढवत. तिकडे अख्ख्या तालुक्याच्या नेटकॅफेतली पोरं अंधारात मोबाइलच्या उजेडात बसून वाट बघत होती आणि ट्यूबलाइट लुकलुकली की एकाच मिनिटात आत शिरत होती.

त्यातच ती मुलगी होती. पहाटे साडेपाचच्या सुळक्यात.

आणखी एक फसवणूक विद्यार्थ्यांच्या यादीने केली. चाचणीत मी एका छोट्या महाविद्यालयाचा कोड वापरत होते, कारण त्याची माहिती नीट भरलेली होती. अर्ज असतील शंभरेक. एसक्यूएल सर्व्हर प्रोसिजर पहिल्यांदा चालते तेव्हा आलेल्या माहितीच्या मापाने तिचा प्लॅन, म्हणजे ओळी कशा शोधून आणायच्या याचा आराखडा, शिवतो, आणि पुढच्या सगळ्यांना तोच अंगरखा घालतो. प्रत्यक्षात सकाळी पहिलं कुणी छोट्या महाविद्यालयाची यादी उघडली, की त्यामागून आलेल्या आठ-नऊ हजार अर्जांच्या महाविद्यालयालाही तोच प्लॅन. इंडेक्समधून एकेक ओळ वेचत आणायचा, शंभरांना झकास आणि नऊ हजारांना जीव नकोसा करणारा. एखाद्या दिवशी मोठं महाविद्यालय पहिलं आलं तर सगळं सुरळीत. म्हणून लोक म्हणायचे, "काल तर चालत होतं." त्यांचं खरंच होतं. तेव्हापासून चाचणीसाठी मी प्रॉडक्शनच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसच्या, प्रतीमधूनच आयडी काढते. नावं, फोन, पत्ते पुसून, पण संख्येचं प्रमाण जसंच्या तसं ठेवून. मोठे मोठेच, छोटे छोटेच.

डेडलॉक पहिल्यांदा दिसला तोही चाचणीत, पुढच्या वर्षी. विद्यार्थी अर्ज दुरुस्त करतो ती प्रोसिजर आधी अर्जाच्या टेबलाला हात लावायची, मग शुल्काच्या. लेखा विभाग पैसे जमा करतो ती आधी शुल्काच्या, मग अर्जाच्या. दोन्ही एकेकट्या निर्दोष. तीनशे धाग्यांत एकाच विद्यार्थ्यावर दोन्ही आल्या आणि एकमेकींच्या हातातली वस्तू मागत उभ्या राहिल्या. एसक्यूएल सर्व्हरचा पहारेकरी अशा गाठी शोधायला साधारणपणे दर पाच सेकंदांनी फेरी मारतो आणि दोघांपैकी एकाला मारतो. एरर १२०५, आणि त्यात शब्द येतो 'डेडलॉक व्हिक्टिम'. बळी. निवडतो कुणाला? ज्याचं काम मागे फिरवायला स्वस्त, त्याला. कोण आधी आलं हे तो पाहत नाही. यंत्राच्या दृष्टीने ते रास्त आहे, मी स्वतः लिहिलं असतं तरी बहुतेक असंच लिहिलं असतं. तरीही तो शब्द पडद्यावर पहिल्यांदा वाचला तेव्हा मला खिडकीवरचा तो लाल 'अ' दिसला.

अण्णांना फोन केला होता त्या दिवशी. त्यांना डेडलॉक म्हटलं नाही, नुसतं विचारलं, दोन तक्ते लागायचे तेव्हा काय करायचा तुम्ही? मोठं कुटुंब असलं की आठच्या गाडीत चार आणि नऊच्या गाडीत तीन असं बसवावं लागायचं. ते लगेच म्हणाले, "लवकरच्या गाडीचा तक्ता आधी. तो मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. साहेबांनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं, तुला आठवत नाही?" एका मे महिन्यात एका खिडकीने आठचा आणि दुसरीने नऊचा धरून ठेवला होता आणि दोघं कारकून एकमेकांवर ओरडत बसले होते, त्यानंतरचा तो नियम. मी आमच्या टीमच्या फळ्यावर लिहिलं, आधी अर्ज, मग शुल्क. सगळ्या प्रोसिजरमध्ये, कायम. त्यानंतरही १२०५ आलाच तर तो विद्यार्थ्याला दाखवायचा नाही, क्षणभर थांबून काम पुन्हा करायचं.

काही जण रांगेवर सोपा इलाज सुचवतात. सगळ्या वाचणाऱ्या क्वेरींना 'नोलॉक' लावायचं, म्हणजे कुणी कुणासाठी थांबत नाही. मी ते एका प्रकल्पात होऊ दिलं आणि त्याचा मला पश्चात्ताप आहे. रांग नाहीशी झाली खरी, पण एका यादीत एका विद्यार्थ्याचं शुल्क 'जमा' म्हणून छापलं गेलं, जे मुळात जमा झालंच नव्हतं. ट्रान्झॅक्शन अर्ध्यावर मागे फिरलं होतं आणि आमच्या क्वेरीने ते अर्धंच वाचलं होतं. कारकुनाच्या हातातल्या तक्त्यावर त्याच्या खांद्यावरून नजर टाकून, तो खोडायच्या आत नाव वाचून घ्यावं, तसं. २००५ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हरमध्ये ओळीची आधीची प्रत वाचू देणारी सोय आहे. टेम्पडीबीवर, म्हणजे सर्व्हरच्या तात्पुरत्या साठवणीवर, तिचा भार पडतो, तोही चाचणीतच मोजावा लागतो. पण निदान ती खोटं सांगत नाही.

या क्षेत्रातले जुने लोक किती विचार करून गेलेत, हे मला फार उशिरा कळलं. १९८५ साली डेटाबेसचे संशोधक जिम ग्रे आणि त्यांच्या सोबत्यांनी लेखकाच्या जागी 'अनामिक' घालून एका बँकेची चाचणी मांडली. हजार शाखा, दहा हजार कॅशियर, एक कोटी खाती. प्रत्येक कॅशियर दोन व्यवहारांच्या मध्ये सरासरी शंभर सेकंद घेणार, म्हणजे सेकंदाला शंभर व्यवहार. माणसाचा विचार करण्याचा वेळ त्यात पहिल्यापासून होता. आणि अट सरासरीची नव्हती. शंभरातल्या पंच्याण्णवांना एका सेकंदाच्या आत उत्तर मिळालं पाहिजे, अशी होती. ट्रान्झॅक्शनवरच्या कामासाठी ग्रे यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळाला. २००७ च्या जानेवारीत ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाच्या होडीतून समुद्रात गेले आणि परत आले नाहीत. ज्या माणसाने 'अर्धवट काही राहता कामा नये' यावर आयुष्य घातलं, त्याची नोंद अशी उघडीच राहिली. मला कमिट लिहिताना कधीकधी ते आठवतं.

सरासरीबद्दल माझं मन अजूनही कडवट आहे. परवा आमच्याकडच्या एका हुशार मुलाने रिपोर्ट दाखवला, पाचशे युजर, सरासरी १८० मिलिसेकंद, पास. मी त्याला सगळ्यात उशिरा उत्तर मिळालेले शेवटचे एक टक्का काढायला सांगितले. तिथे अकरा सेकंद होते. आणि खरं तर तेही कमीच दाखवलेले होते. चाचणीचा धागा उत्तर आल्याशिवाय पुढची विनंती पाठवत नाही. सर्व्हर अकरा सेकंद थिजला, तर धागाही अकरा सेकंद गप्प बसतो आणि रिपोर्टात एकच वाईट आकडा पडतो. खऱ्या जगात त्या अकरा सेकंदांत आणखी शेकडो माणसं येऊन उभी राहिली असती, त्यांची वाट पाहणं कुठेच लिहिलं जात नाही. सॉफ्टवेअरच्या वेगाच्या मोजमापावर काम करणाऱ्या गिल टेने यांनी या चुकीला 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' म्हटलंय. अण्णांच्या वहीत दिवसाअखेरी झालेल्या आरक्षणांचा आकडा असायचा. रांग बघून स्टँडवरूनच परत फिरलेल्यांसाठी वहीत रकाना नव्हता. मी हे त्या मुलाला सांगितलं. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, "ताई, पण पाचशे लोक एकदम येणार कशाला?"

मी त्याला लाइटची गोष्ट सांगितली. मुलीची नाही सांगितली.

काल रात्रीची चाचणी आम्ही दोघांनी मिळून मांडली. सुळके घातले, मोठी-छोटी महाविद्यालयं घातली, विनंत्या उत्तराची वाट न बघता ठरलेल्या वेगाने सोडल्या. प्रोसिजर तिघा-चौघांनी मिळून लिहिलेली, मी फक्त वाचलेली. एकच्या सुमाराला त्याला घरी पाठवलं. पडद्यावर आलेख चढत होता, उतरत होता, बाहेर पाऊस लागला होता. अण्णांचा डोळा हल्ली रात्री लागत नाही, म्हणून त्यांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलल्यावर विचारलं, तक्ता पलीकडे असायचा तेव्हा समोरच्या माणसाला तुम्ही काय सांगायचा? ते म्हणाले, "काय सांगणार? तक्ता पलीकडं हाय, येतोय म्हणायचो. आणि त्याच्याकडं बघायचो. खाली मान घालून बसायचं नाही."

पावणेतीनला शेवटचा धागा थांबला. सर्व आकडे यायला अजून वेळ होता, पण प्रत्येक चाचणीनंतर मी आधी एकच क्वेरी चालवते. क्रमांकांचे गट करायचे आणि ज्या गटात एकाहून जास्त माणसं आहेत तेवढेच दाखवायचे. युनिक इंडेक्स असताना तिची गरज नाही, हे मला माहीत आहे. दोन लाख अर्जांवरून ती फिरून आली. शून्य ओळी.

मी ती आणखी एकदा चालवली.